पटवारी आणि काठी

कुमुदिनीबाईंना काळजी करायला कधी कारण लागलं नाही. गॅस बंद केला की नाही, हे बघायला त्या देवळाच्या पायरीवरून घरी परत आलेल्या आहेत. मुलीचा फोन वाजला तर काळजी, नाही वाजला तर जास्त काळजी. "मन चिंती ते वैरी न चिंती," असं म्हणत त्यांची आई बासरच्या घरात लेकीच्या कपाळाला अंगारा लावायची. लग्न होऊन आदिलाबादेत आल्या, संसार झाला, केस पिकले, पण मन काही बदललं नाही. त्यावर त्यांच्याजवळ एकच औषध होतं. जीव घाबरा झाला की ओठ आपोआप हलायचे: "दत्त, दत्त." मोठ्यानं नाही, स्वतःपुरतं. दूध उतू जाताना दत्त, लाइट जाताना दत्त, दारात अनोळखी माणूस उभा राहिला तरी दत्त.

त्या मार्गशीर्षात मात्र काळजीला खरंच कारण होतं, आणि ते चार पायांवर उभं राहून मागच्या अंगणातून त्यांच्याकडे बघत होतं.

कुत्रा शरदचंद्रांनी, त्यांच्या नवऱ्यानं, आणलेला. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. भाजी आणायला गेला आणि पिशवीत वांगी, मागे कुत्रा असा परत आला. बाजारात कोणीतरी त्याला काठीनं इतकं झोडपलं होतं की एक कान फाटून खाली लोंबत होता. घरात सोवळंओवळं. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "अंगणात राहू द्या, उंबऱ्याच्या आत नाही." महिनाभरात तो पुढच्या ओसरीत पोत्यावर झोपू लागला. दिवसातून एकदा गल्लीतल्या प्रत्येक फाटकाचा, प्रत्येक खांबाचा वास घेऊन यायचा, म्हणून शरदचंद्रांनी त्याचं नाव ठेवलं पटवारी. "सगळ्या गल्लीची हद्द मोजून येतो," ते म्हणायचे, "आणि लाच म्हणून नुसती भाकर घेतो."

भाकर द्यायची ती कुमुदिनीबाईंनीच. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नेम. नैवेद्य दाखवून झाला की मागच्या पायरीवर तुकडा ठेवायचा आणि मागे न बघता आत यायचं. एवढाच त्यांचा आणि पटवाऱ्याचा संबंध.

मग पावसाळा सरताना शरदचंद्र स्कूटरवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. हैदराबादेत ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आणि पुढचं चालणं शिकायला ते अपूर्वाकडे, म्हणजे लेकीकडे, तिथंच राहिले. कुमुदिनीबाई आधी त्यांच्याजवळ होत्या, पण इकडे घर बंद, देव बिनपुजेचे, आणि समोरचा किराणावाला देवानंद फोनवर सांगत होता, "काकू, तुमचा कुत्रा माझ्या हातचं खाऊन नाई राह्यला. फाटकापाशी बसून राह्यते दिवसभर." तेव्हा त्या परत आल्या.

आता शरदचंद्र येणार होते. काठी टेकत.

आणि पटवारी काठी बघून पळणाऱ्यांतला नव्हता. तेच तर भय होतं. दर गुरुवारी झोळी घेऊन एक म्हातारे बुवा यायचे. एकदा त्यांच्या हातातला दंड बघताच पटवारी आधी जमिनीला चिकटला, मग ओठ वर गेले, आणि पुढच्या क्षणी दंड त्याच्या दातात. बुवा ओढायला गेले आणि मटकन खाली बसले. लागलं नाही, उलट त्यांनीच म्हटलं, "मारू नका माय, मारलेलंच दिसते हे." पण कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांसमोर बुवा नव्हतेच. रॉड घातलेली मांडी होती, ओढली जाणारी काठी होती, आणि फरशीवर आडवे झालेले शरदचंद्र होते.

मोठ्या नणंदबाई, तुळजाबाई, भावाच्या येण्यासाठी तामसीहून बसनं आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत निकाल दिला.

"कुमुद, त्याले इंद्रवेल्लीकडं जंगलात सोडून दे. देवानंदचा टेम्पो जाते ना तिकडं?"

"अक्का, ते येऊन विचारतील ना. फोनवर आधी त्याचंच विचारतात."

"माणूस मोठा का कुत्रं मोठं? पाय पुन्हा मोडला तर काय उत्तर देशीन?"

अक्का खोटं बोलत नव्हत्या. पण फोनवर शरदचंद्रांचा आवाज ओळखू येईनासा झाला होता. जेवलात का, तर हो. दुखतं का, तर नाही. फक्त एका प्रश्नाला त्यात जीव यायचा: "पटवारी रुजू आहे ना?" घरी येऊन हा माणूस दिवसभर छताकडे बघत पडून राहील, आणि त्याला फाटकापर्यंत ओढून नेणारं कोणी नसेल, हीही एक काळजी होतीच. काठी आली तर माणूस पडणार. कुत्रा गेला तर माणूस उठणार नाही. कुमुदिनीबाई रात्रंदिवस या दोन काळज्या या हातातून त्या हातात घेत होत्या.

शेवटी त्यांनी अपूर्वाला विचारलं. अपूर्वानं हैदराबादेत कुत्रा पाळला होता आणि त्याला शिकवायला एक बाई घरी येत असत.

"आई, मारून, ओरडून भीती जात नाही. भीती लपते फक्त," अपूर्वा म्हणाली. "काठी इतकी लांब ठेव की तो तिला बघेल पण घाबरणार नाही. बघितलं की घास. पुन्हा बघितलं की घास. काठी म्हणजे मार नाही, काठी म्हणजे भाकरी, हे त्याच्या पोटाला कळू दे. डोक्याला नंतर कळेल."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तो ऐकत नसतो गं, तो सांगत असतो. जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली, अंग ताठ केलं, की समज, 'फार जवळ आलीस.' मग काठी मागे न्यायची. त्याला नाही ओढायचं."

माळ्यावर सासऱ्यांची काठी होती. ती कुमुदिनीबाईंनी अंगणाच्या पार टोकाला तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवली. नैवेद्याची घंटा झाली, तसा पटवारी पायरीशी आला. काठी दिसली. फाटका कान मागे गेला. कुमुदिनीबाईंचे ओठ हलले, "दत्त, दत्त", आणि हात पुढे झाला. घास. त्यानं तो खाल्ला. पुन्हा काठीकडे बघितलं. "दत्त, दत्त." घास.

देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणाच्या तोंडी घास नाही. त्यामुळे शिकवणी रोज नैवेद्यानंतरच. पण आधी मागे न बघता आत जाणाऱ्या कुमुदिनीबाई आता पायरीवर बसून कुत्र्याच्या तोंडाकडे निरखून बघू लागल्या. पोरगी अंगावर पीत असताना जसं बघत, तसं. कोणत्या क्षणी डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, कधी शेपूट नुसती हलते आणि कधी खरी हलते, हे कळायला लागलं. काठी तुळशीपासून निघून जास्वंदीपाशी आली, जास्वंदीपासून नळापाशी. मग त्यांनी ती हातात घेतली, टोक जमिनीला लावून. देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी आहेत. इतकी वर्षं गंध लावलं ते वरच्या तीन मस्तकांना. आता गंध लावताना नजर खाली जायची. एकाच्याही गळ्यात साखळी नव्हती.

अपूर्वानं एकदा व्हिडिओवर शिकवणी बघितली आणि हसली.

"आई, तू प्रत्येक घासाआधी काय पुटपुटतेस?"

"कुठं काय?"

"दत्त दत्त म्हणतेस."

"भीती वाटते गं. आपोआप येतं."

"मग येऊ दे. त्याला आता ती खूण झालीय. शब्द ऐकला की तो तुझ्याकडे बघतो, बघितलंस का? फक्त एक लक्षात ठेव. खूण केलीस की घास द्यायचाच. एकदा जरी फसवलंस, तरी तो शब्द पोकळ झाला."

कुमुदिनीबाईंनी फोन खाली ठेवला. देवाचं नाव कुत्र्याच्या लाचेला! हे पाप की काय, कोणाला विचारावं? आणि शब्द तर तोंडातून सुटलेला, परत कसा घेणार? त्यातून नवीच पंचाईत झाली. दुपारी ओसरीत जप करायला बसल्या की पटवारी समोर येऊन बसायचा, मान वर करून, अगदी सत्पुरुषासारखा. फसवायचं तर नाही. म्हणून त्यांनी पदराच्या टोकाला भाकरीच्या तुकड्यांची गाठ मारायला सुरुवात केली. तुळजाबाई बघून म्हणाल्या, "वा वो! आमाले जप करून मोक्ष नाई भेटला, अन् हे नुसतं ऐकून जेवून राह्यलं."

सगळं हळूहळू चाललं होतं. हळूहळू, हीच अडचण होती. गाडी येणार तो दिवस मात्र हळूहळू येत नव्हता.

समोरून देवानंद सगळं बघत होता. त्याला कुमुदिनीबाईंची काळजी होती, यात वाद नाही. एका सकाळी दुकानाचं शटर उघडायचा लोखंडी आकडा घेऊन तो तसाच फाटकातून आत आला. "काकू, असं लाडानं किती दिवस जातीन? एक डाव दणका दाखवा, मंग काठीच्या नावानं शेपूट घालते पहा." आणि त्यानं आकडा फाटकावर जोरात आपटला.

पटवारी भुंकला नाही. पाण्याच्या टाकीमागे शिरला. दिवसभर निघाला नाही. संध्याकाळी कुमुदिनीबाई टाकीपाशी बसून हात पुढे करत राहिल्या, तर त्यानं भाकरीचा वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पाहा, भ्याला की नाई!" देवानंद म्हणाला.

"भ्यायला तो आधीच शिकलेला आहे रे बाबा," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण आवाज चढला होता. "ते शिकवायला मी कशाला हवी होते?"

देवानंद ओशाळून गेला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची काठी पुन्हा तुळशीला टेकली. पहिल्यापासून.

गाडी येणार त्या सकाळपर्यंत काठी पुन्हा हातात आली होती. कुमुदिनीबाई ती टेकत अंगणभर चालत, तेव्हा पटवारी बरोबर चालायचा; अधूनमधून ओठ चाटायचा, पण चालायचा. आवाज करून टेकली तर मात्र अजून थबके. "पुरे आहे," अपूर्वा म्हणाली. "पण आल्या आल्या भेट नको. तो मागच्या अंगणात राहू दे, दाराला कडी घाल. बाबा खुर्चीत बसले, शांत झाले, की मग."

असं ठरलं. कडी घातली. कुमुदिनीबाईंनी ती तीनदा ओढून बघितली. मग ओवाळायचं म्हणून घरातली साडी बदलून काठपदराची नेसल्या, निरांजन लावलं. तुळजाबाईंनी भाकरतुकडा आणि तांब्यात पाणी घेतलं. दवाखान्यातून माणूस घरी येतो तेव्हा उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरतुकडा उतरून लांब भिरकावायचा, म्हणजे इडापिडा बाहेरच्या बाहेर जाते. हे कोणाला सांगावं लागत नाही. काठीच्या काळजीत कुमुदिनीबाईंनी तो तुकडा स्वतःच्या हातानं मोडून दिला होता, तरी त्याचा विचार एकदाही केला नव्हता.

गाडी थांबली. शरदचंद्र उतरले. केवढे वाळले होते! एक हात अपूर्वाच्या खांद्यावर, एका हातात काठी, खाली रबराचं बूड असलेली. फाटकातून आत आले, ओसरीच्या पायरीपाशी थांबले. तुळजाबाई तुकडा उतरू लागल्या, आणि ते दमून म्हणाले, "पटवारी कुठाय?"

एवढा आवाज पुरला. मागच्या अंगणात धप्प झालं. दाराला कडी होती, भिंतीला कुठली असणार! भिंतीवरून उडी, गल्लीला वळसा, आणि पटवारी उघड्या फाटकातून आत, शरदचंद्रांच्या मागे. त्याचं सगळं अंग शेपटीबरोबर हलत होतं. मग त्याला काठी दिसली. तो थांबला. थांबला, पण उभा होता. कुमुदिनीबाईंनी ते बघितलं, आणि क्षणभर वाटलं, जमलं.

त्याच वेळी उतरून झालेला तुकडा भिरकावण्यासाठी तुळजाबाईंनी हात डोक्यावर उंच नेला.

दगड मारणारा माणूस हात तसाच नेतो.

पटवारी जमिनीला चिकटला. ओठ वर गेले. गुरगुर अशी की पोटातून यावी. शरदचंद्र आवाजाच्या दिशेला वळायला गेले आणि काठीचं बूड फरशीवर सरकलं. अपूर्वानं त्यांना दोन्ही हातांनी धरलं, तिला आता हलता येईना. "काकू, हटा!" म्हणत देवानंद दुकानाच्या पायरीवरून उतरला आणि खाली वाकून दगड शोधू लागला. तुळजाबाईंचा हात वरच राहिला, भीतीनं.

कुमुदिनीबाईंना काही सुचलं नाही. अपूर्वानं शिकवलेलं काही आठवलं नाही. त्या नुसत्या घाबरल्या. आणि घाबरल्या की जे व्हायचं ते झालं.

"दत्त, दत्त, दत्त."

फाटका कान वळला. मग मान वळली. जमिनीला पोट लावूनच पटवाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं.

कुमुदिनीबाईंचा हात पदराकडे गेला. गाठ नव्हती. गाठीची साडी मागे दोरीवर होती. खूण दिली होती आणि हात रिकामा होता. आणि तो बघत होता. सगळ्या दारात भाकरीचा एकच तुकडा होता: अक्कांच्या वर गेलेल्या हातात, नवऱ्यावरून उतरलेला.

निरांजन त्यांनी पायरीवर ठेवलं. तुळजाबाईंचं मनगट धरून हात खाली आणला, मुठीतून तुकडा काढून घेतला आणि उंबऱ्यापाशीच खाली बसल्या. तोंड जरा बाजूला वळवून, हात जमिनीलगत ठेवून, जसं रोज मागच्या पायरीवर.

पटवारी उठला. काठीच्या बाजूनं आला, इतक्या जवळून की त्याची पाठ काठीला घासली. घास घेतला. "दत्त, दत्त." त्याच तुकड्यातला दुसरा घास. मग तो मागे फिरला, काठीच्या रबरी बुडाचा बराच वेळ वास घेतला, आणि शरदचंद्रांच्या बऱ्या पायाला अंग टेकून उभा राहिला.

"मौक्यावर पंचनामा झाला म्हणायचा," शरदचंद्र म्हणाले. आवाज कापत होता, पण तो त्यांचा होता.

देवानंदनं हातातला दगड हळूच गटारात टाकला.

तुळजाबाईंना आता कुठं वाचा फुटली. "कुमुद, काय केलं तू हे? उतरलेला तुकडा उंबऱ्यात? अन् तोही घरच्या कुत्र्याले? बाहेरच्यानं खाल्ला असता तर पीडा बाहेर गेली असती. तू तं घरातच ठेवून घेतली वो माय!"

"अक्का, पीडा त्याच्या पोटात गेली ना? आता तो आणि ती बघून घेतील," शरदचंद्र म्हणाले आणि खुर्चीत बसले. दुसरा तुकडा उतरायला त्यांनी उठायचं साफ नाकारलं.

हसणं झालं, चहा झाला. कुमुदिनीबाई मात्र हसल्या नाहीत. अक्का म्हणाल्या ते त्यांनाही जन्मापासून माहीत होतं. शरदचंद्र संध्याकाळी एकदा खोकले, तर त्या हातातली वाटी ठेवून धावल्या. कपाळाला हात लावून बघितला, अंगारा लावला. मग ओसरीत जाऊन पटवाऱ्याच्या नाकालाही हात लावून बघितला, गार होतं. पीडा याच्या पोटात गेली असेल तर? आजवर एका जिवाची काळजी होती, ती आता दोघांची झाली. उद्या काही झालं तर अक्का म्हणतील, तुझ्यामुळं. आणि नाही म्हणाल्या, तर आपलं मन म्हणेल. पण रिकामा हात दाखवला असता तर? मुक्या जिवाला देवाच्या नावानं फसवलं असतं. त्यापेक्षा हे बरं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या, आणि मन नेहमीसारखं ऐकत राहिलं, पटत नसताना.

सकाळी धुकं होतं. शरदचंद्र रात्रभर गाढ झोपले होते. नैवेद्याची घंटा झाली. कुमुदिनीबाई भाकर घेऊन मागच्या दाराशी आल्या, तर पायरीवर पटवारी नव्हता.

घंटेला तो कधी चुकला नव्हता. टाकीमागे बघायला त्या दारातून बाहेर पडल्या, आणि तिथंच थांबल्या.

जास्वंदीपाशी तुळजाबाई बसल्या होत्या, शालीत गुरफटून, दाराकडे पाठ करून. हात जमिनीलगत. समोर पटवारी. आणि अक्का दबक्या आवाजात, कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणत होत्या, "दत्त, दत्त. खाय बाबा. पीडा पचव सगळी. माझ्या भावाले काई होऊ देऊ नको, अन् तुलेबी काई होऊ नको."

कुमुदिनीबाई पाऊल न वाजवता मागे सरल्या. आतून काठीची थपथप येत होती. शरदचंद्र फाटकाकडे निघाले होते. जास्वंदीपाशी फाटका कान वळला. पटवाऱ्यानं तोंडातला घास संपवला, मग त्या आवाजाच्या दिशेनं निघाला. थबकला. ओठ चाटले. पुन्हा निघाला.

"दत्त, दत्त," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि हातातली भाकर मोडत त्याच्या मागोमाग गेल्या.